माणसं कधी उठतात?

(मे १९९८ च्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. ज्या पाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून लिहून काढलं आहे. पाड्यावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)

साथींनो, आणि पुढे बसलेल्या आयाबहिणींनो,

मला विषय दिलाय तो असा की लोकशाही आक्रसत चालली म्हणजे लोक तिच्यासाठी का उठतात, आणि पुष्कळदा का उठत नाहीत. विषय ऐकायला शहरातला वाटतो. पण तुम्ही पाडोपाडी मीटिंगा घेता, तेव्हा हाच प्रश्न तुमच्या पुढ्यात असतो. एका पाड्यातून शंभर माणूस मोर्चाला येतं, ओढ्यापलीकडच्या पाड्यातून पाच. जुलूम दोन्हीकडे सारखाच. गार्ड तोच, रेंजर तोच, दंडाची पावतीही तीच. मग फरक कुठे पडतो? आज त्याचाच विचार करू.

आधी लोकशाही म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. पाच वर्षांनी शिक्का मारून यायचं, तेवढ्याने ती पुरी होत नाही. तिचे चार पाय आहेत. आपल्याबद्दल ठरवायचं तर आपल्याला विचारावं. न विचारता ठरवलं तर जाब विचारता यावा. जाब विचारायला चार माणसांना जमता यावं. आणि जमलो म्हणून कोणी पकडलं, तर कोर्टात दाद मिळावी. यातला एक पाय मोडला तर खाट कलते. तीन मोडले तर खाली पडते.

आणीबाणीत काय गेलं

आपल्या देशात एकदा हे तीन पाय एकदम मोडले होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. पांढऱ्या केसांच्या माणसांना आठवत असेल, तरण्या पोरांसाठी सांगतो. विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांना रातोरात उचललं. वर्तमानपत्रात काय छापायचं ते सरकारी अधिकारी ठरवू लागला. सभा, मोर्चा, संप यांवर बंदी. २१ महिन्यांत मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली १ लाख १० हजारांवर माणसं आत टाकली. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आणीबाणी आहे तोवर अटकेविरुद्ध दाद मागायला कोर्टात येता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या खन्ना साहेबांनी वेगळं मत दिलं. चौथा पायही गेला.

आता आपल्यातला म्हातारा माणूस म्हणेल, "अरे, आम्हाला कसली आणीबाणी? आमच्याकडे फॉरेस्टचं राज्य. आमच्याकडे रोजच आणीबाणी." हे बोलणं खोटं नाही. ज्याच्या झोपडीत न विचारता शिरून कोयता-कुऱ्हाड उचलून नेतात, त्याला दिल्लीत कोणाची लोकशाही बुडाली याचं सोयरसुतक का असावं? म्हणून पहिल्या दिवसापासून गरीब माणूस उठला नाही, यात नवल नाही.

उलट त्याला सांगितलं गेलं की हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. २० कलमी कार्यक्रम आला. ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगार बंद करणारा वटहुकूम निघाला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. दोन्ही कायदे चांगले. आजही आपण त्यांचा आधार घेतो. पण तेव्हा काय परिस्थिती होती ते पाहा. जमीन परत द्या असा कायदा आहे, आणि ती सावकाराच्या ताब्यात आहे. तहसीलदारापुढे उभं राहून "माझी जमीन दे" असं कोणी म्हणायचं? एकट्या माणसाने म्हटलं तर सावकार त्याला बघून घेणार. पन्नास माणसांनी मिळून म्हटलं तर जमावबंदी. ज्याने या माणसांना एकत्र आणलं असतं तो तुरुंगात. म्हणजे कायदा दिला आणि तो वापरणारा हात बांधून ठेवला. असा कायदा हक्क होत नाही, ती भीक असते. देणाऱ्याच्या मर्जीवर मिळते आणि त्याच्याच मर्जीवर जाते.

जे गेलं ते कळलंच नाही

आता जंगलातल्या माणसाचं आणीबाणीत काय गेलं ते ऐका. हे आपल्या गावांत फार थोड्यांना ठाऊक आहे.

३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रातली खाजगी जंगलं सरकारजमा झाली. कायद्याचं नाव जंगल वाचवण्याचं. पण त्या जंगलात जे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी पिकवत होते, त्यांच्या पायाखालची जमीन एका तारखेला फॉरेस्टची झाली. पाड्यावर कोणी विचारायला आलं होतं?

दुसरी गोष्ट याहून मोठी. आपल्या घटनेत कामांच्या याद्या आहेत. काही कामं केंद्राची, काही राज्याची, काही दोघांची मिळून. जंगल राज्याच्या यादीत होतं. १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि जंगल दोघांच्या यादीत गेलं. दोघांचं जमलं नाही तर चालतं केंद्राचं. ही दुरुस्ती झाली तेव्हा विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते, आणि पेपरात विरोधाचा शब्द छापायला बंदी होती. जंगलाची किल्ली मुंबईहून दिल्लीच्या हातात गेली आणि जंगलात राहणाऱ्याला पत्तासुद्धा लागला नाही.

पुढे १९७७ ला सरकार बदललं. नव्या सरकारने ४४ वी दुरुस्ती करून बरंचसं सरळ केलं. अंतर्गत गडबडीचं कारण सांगून आता आणीबाणी लावता येत नाही, जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येत नाही. पण जंगल जिथे गेलं होतं तिथेच राहिलं. का? शहरातल्या वकिलाने वकिलाचं मागितलं, पेपरवाल्याने पेपरवाल्याचं. जंगलवाल्याला आपलं काय गेलं हेच माहीत नव्हतं, तर तो मागणार काय?

त्याची किंमत आपण अजून मोजतोय. डिसेंबर १९७८ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला होता की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करा. तो निर्णय लोकांना पुन्हा जमता-बोलता यायला लागल्यावर, मोर्चे निघाल्यावर आला, हे विसरू नका. पण अंमल रखडला. आणि २५ ऑक्टोबर १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन वटहुकूम आला, मग कायदा. आता जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी दिल्लीची परवानगी. तेव्हापासून तुम्ही तलाठ्याकडे गेलात की तो तहसीलदाराकडे बोट दाखवतो, तहसीलदार वनखात्याकडे, आणि वनखातं दिल्लीकडे. त्या बोटाची सुरुवात १९७६ मध्ये आहे.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. जे हिरावलं गेलं ते माणसाला कळायला हवं. कळल्याशिवाय कोणी उठत नाही. सरकारला हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून आधी बातमीवर बंदी येते.

कळलं, मग काय?

पण नुसतं कळून भागतं का? नाही. दुसरी गोष्ट, ती घराच्या उंबऱ्यापर्यंत यावी लागते.

आणीबाणीत नसबंदीची मोहीम निघाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकाला सांगितलं, इतक्या केसेस आण, नाहीतर पगार बंद. केसेस म्हणजे माणसं. गरिबाला सांगितलं, सर्टिफिकेट दाखव, मग कर्ज. आपल्या राज्यात बार्शीला जबरदस्ती झाली, त्याची हकीकत तेव्हाही दबक्या आवाजात फिरली होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आलं नाही, एवढंच.

उत्तर भारतात ही सक्ती सगळ्यात जास्त झाली. आणि तिथेच लोक आडवे आले. सभाबंदी असताना आले. दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडायला बुलडोझर आले तेव्हा, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरला नसबंदीच्या विरोधात. दोन्हीकडे गोळीबार झाला. ज्यांनी घटनेचं पान कधी उघडलं नव्हतं असे हे लोक होते. त्यांना एवढंच समजत होतं की आपल्या अंगाला कोणी हात लावायचा हे आपण ठरवायचं. लोकशाहीचा पहिला पाय हाच की नाही?

१८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झालं. उत्तर प्रदेशात ८५ जागा, काँग्रेसला एकही नाही. बिहारात ५४, तिथेही एक नाही. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पडल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा काँग्रेसला राहिल्या. आणि दक्षिणेत, आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसलाच. एकाच देशात, एकाच महिन्यात. दक्षिणेच्या लोकांना लोकशाही नको होती असं कोणी म्हणू नये. तिथे सक्तीचा हात घराघरात तसा पोचला नव्हता, आणि दुसरीकडे काय चाललंय ते पेपरात येत नव्हतं. ज्याच्या दारात आग आली तो पाणी घेऊन धावला.

यात एक धोकाही आहे. दारात आल्यावरच उठायचं असं ठरवलं, तर पुष्कळदा उशीर होतो. शेजारच्या पाड्याची आग आपली मानायची सवय लावणं, यासाठीच संघटना असते.

दुःख जुनं असतं, मग माणूस आजच का उठतो?

तिसरी गोष्ट आपल्या जवळच्या इतिहासातून सांगतो. डहाणू-उंबरगावचे वारली पिढ्यान्‌पिढ्या वेठ करत होते. सावकाराने लग्नाला पैसे दिले की नवरा-बायको दोघं त्याची लग्नगडी, जन्मभर. मारहाण, बायकांवर अत्याचार, सगळं जुनं. मग १९४५ मध्येच ते का उठले? दुःख त्या वर्षी वाढलं होतं असं काही नाही.

२३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यात झरीला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. हजारो वारली चालत आले. तिथे काय झालं? आपल्यासारखे इतके आहेत हे त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तोवर प्रत्येकाला वाटत होतं, हे माझं नशीब, हा माझा सावकार. मैदानात बसल्यावर कळलं की नशीब सगळ्यांचं सारखं कसं असेल? म्हणजे हे नशीब नव्हे, ही कोणीतरी बसवलेली घडी आहे. बसवलेली घडी मोडता येते. परत गेले ते वेठ करायची नाही असं ठरवून. पुढे मजुरीचा संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी, पाच जण तिथे पडले. तरी वेठ आणि लग्नगडी परत आली नाहीत.

भीती एक काम फार हुशारीने करते. ती माणसाला माणसापासून लपवते. आणीबाणीत लोक गप्प होते, तेव्हा वरच्यांना वाटलं की लोक खूश आहेत. लोकांनाही वाटलं, शेजारी खूशच दिसतोय, मीच एकटा चडफडतोय. मतपेटी उघडल्यावर दोघांनाही कळलं. म्हणून जमण्याची जागा, सभा, मेळावा, बाजारच्या दिवसाची बैठक यांवर पहिला घाव पडतो. आणि म्हणूनच तिथे कोणीतरी पहिला शब्द बोलावा लागतो.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन होतं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. आदिवासींमध्ये हिंडून त्यांचा अभ्यास केलेली बाई. शेजारी स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. तेव्हा जयप्रकाश नारायण आजारी होते. दुर्गाबाईंनी मंत्र्यासमोर, उघड मांडवात, जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली आणि लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्याचं बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना पकडलं. पण त्या मांडवात बसलेल्या हजारो माणसांना कळलं की आपण एकटे नाही.

घरी राहणाऱ्याला नावं ठेवू नका

शिबिरात काल एका बाईने विचारलं, "भाऊ, समदं कळतंय, पण मोर्चाला गेलं तर दोन दिसांची मजुरी जाते, अन् माणूस आत गेला तर जामीन कोण भरणार?" हा प्रश्न भित्र्या माणसाचा नाही. घर चालवणाऱ्या बाईचा आहे, आणि मोर्चाला शंभर का पाच येतात, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

राग सगळ्या पाड्यांत असतो. पण उठायची किंमत ज्या पाड्यात वाटून घेतात तिथून शंभर येतात, आणि जिथे ती एकेकाच्या डोक्यावर पडते तिथून पाच. लावणीच्या दिवसांत माणूस आत गेला तर त्याची आवणं कोण लावणार, त्याची गुरं कोण चारणार, हे आधी ठरलेलं असेल तर माणूस निर्धास्त निघतो. घरटी एक पायली धान्य काढून ठेवणं हे मोर्चाच्या भाषणापेक्षा मोठं काम आहे. जो आला नाही त्याला "घाबरट" म्हणून मोकळं होऊ नका. त्याचं काय अडलं ते विचारा.

आज काय चाललंय

आता आजच्याकडे येतो. आज आणीबाणी नाही. सभा घेता येते, आपण इथे बसलोय. पण लोकशाही काही दर वेळी रात्रीतून जात नाही. कधी कधी ती रजिस्टरमधून जाते.

१९९६ चा डिसेंबर बघा. १२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते, मालकी कोणाची का असेना. आणि २४ तारखेला, बाराच दिवसांनी, अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा विस्तार कायदा आला. एका हाताने जंगलाची व्याख्या वर गेली, दुसऱ्या हाताने ग्रामसभा खाली आपल्याकडे आली. या दुसऱ्या कायद्यात लिहिलंय की गाव म्हणजे वस्ती, पाडा, पाड्यांचा समूह, जो आपल्या रीतीने आपला कारभार बघतो तो. आपल्या चालीरीती आणि गावाची साधनसंपत्ती सांभाळायला ग्रामसभा समर्थ आहे. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची आहे. शब्द नीट ऐका, सल्लामसलत. संमती असा शब्द तिथे नाही. ती लढाई अजून बाकी आहे.

पण जे मिळालंय त्याचं काय होतंय? १९९७ मध्ये राज्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. तरी आपला पाडा वेगळा गाव म्हणून कुठे नोंदलाय? सभा भरते ग्रुप ग्रामपंचायतीच्या गावात, दोन डोंगर पलीकडे. माणसं पुरत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार जण बसून ठराव लिहितात. रजिस्टर पाड्यावर येतं, "इथं अंगठा कर, खावटीचं काम आहे." अंगठा होतो. वर कोरी जागा सोडलेली असते. वर्षभराने कळतं की गावाने गायरान देऊन टाकलं. कोणी गोळी झाडली नाही, कोणाला अटक झाली नाही. चारही पाय शाबूत दिसतात आणि खाट मात्र आपल्या घरातून नेलेली असते.

ही चोरी पकडणं सोपं नाही, कारण ती उंबऱ्यापर्यंत येते तेव्हा कागद पुरा झालेला असतो. म्हणून इथे रागापेक्षा सवय उपयोगी पडते. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने ती लावून घेतली आहे. बाया-पुरुष सगळे बसतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, आणि त्याआधी विषयाचा अभ्यास करतात. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांचीच. घोषणेच्या मागे कितीतरी रात्रींच्या बैठका आहेत.

तर परत गेल्यावर एवढं करा. पुढची ग्रामसभा होण्याआधी पाड्याची सभा घ्या, बायांना पुढे बसवा. ठराव मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय आणि वरची कोरी जागा रेघ मारून बंद केल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही. शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा, तिला येतं. ठरावाची नक्कल मागा, दिली नाही तर मागितल्याची तारीख लिहून ठेवा. दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात, धुरापासून आणि वाळवीपासून लांब ठेवा. त्या पावत्या दंड म्हणून दिल्या होत्या, पण अमुक साली आपण इथे कसत होतो याची साक्ष त्याच देतात. धान्याचा साठा काढा. आणि शेजारच्या पाड्यावर काय झालं ते महिन्यातून एकदा चालत जाऊन विचारून या.

लोकशाही वाचवा असं कोणी पाड्यावर येऊन म्हटलं तर लोक उठणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक नाही. पण "तुला न विचारता तुझ्या नावाने हे लिहिलंय" असं वाचून दाखवलं, आणि वाचणाऱ्याच्या मागे अख्खा पाडा उभा असला, तर उठणार नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. आजपासून तीन महिने हातात आहेत. पाड्याची सभा त्याआधी झाली पाहिजे.

जिंदाबाद.